माग बंद, म्हणजे कोण गेलं?

अभ्यासिकेतल्या दोस्तांनो, फळ्यावर हा कागद लावतोय, कारण आज दुपारी घरी जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझं डोकं शांत होणार नाही.

बारावी तोंडावर आलीय. इंजिनिअरिंगला जायचं तर गणितात मार्क पाहिजेत. म्हणून अप्पांनी, माझ्या वडिलांनी, आज मोठ्या कौतुकानं घरातले माग बंद केले. "पोराला शांतपणे अभ्यास करू दे," म्हणाले.

पण आमच्या विणकरांच्या गल्लीत सुट्टी नसताना भरदिवसा माग बंद कधी होतात? घरात कुणी गेलं तरच!

थोड्याच वेळात शेजारच्या नरसम्माकाकू तोंडाला पदर लावून दारात. मागोमाग अख्खी गल्ली. आजोबा डोक्यावरून चादर घेऊन झोपले होते. त्यांना बघून काकूंनी असा हंबरडा फोडला, की आजोबाच दचकून उठले आणि विचारायला लागले, "कोण गेलं गं?"

मग सगळ्यांना खुलासा, मग हसणं, मग चहा. कप मीच फिरवत होतो. गणिताचं पुस्तक काकूंच्या मांडीखाली. आणि जाताना प्रत्येकजण मलाच सांगतोय, "अभ्यास कर की रे नीट!"

शेवटी आजोबा ओरडले, "आधी ते माग चालू करा!" खडखडाट सुरू झाला आणि सकाळपासून अडलेलं गणित सुटलं. जन्मापासून त्याच आवाजात वाढलोय, दुसरं काय होणार?

आता तुम्हीच खाली लिहा, परीक्षेच्या हॉलमध्ये मी माग कुठून आणू?