खाकी कागदावरची गोष्ट

माझ्या धाकट्या भावाची बायको लेखनाच्या वर्गाला जाते म्हणाली, तेव्हा मी हातातली कात्री खाली ठेवली आणि विचारलं, "आणि पोरं कुणाच्या गळ्यात?" तिनं धाकट्याला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणजे माझ्याच.

दर शनिवारी दहा ते एक, वाचनालयाच्या वरच्या खोलीत, तीन महिने. भावाची शनिवारी ड्युटी. मग पाच वर्षांची चिमणी आणि दीड वर्षांचा भोपळा माझ्या शिवणाच्या दुकानात. मी कुरकुर करणार आणि शेवटी हो म्हणणार, हे वहिनीला पक्कं ठाऊक होतं. नवऱ्याचं घर सोडून मी भावाकडे आले त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून या घरात माझं तोंड चालतं आणि इतरांचं काम होतं.

वहिनी माझ्याच दुकानात काजं-बटणं करते. घरी लिहायची सोय नाही. पहिल्या वहीवर चिमणीनं घोडे काढले, दुसरीचं एक पान भोपळ्यानं चक्क खाल्लं. मग तिनं माझे खाकी कागद धरले. नवीन माप आलं की त्या कागदावर आखून, कापून मी नमुना करते आणि तो कापडावर ठेवून कापते. दुपारी पोरं कापडाच्या गठ्ठ्यावर झोपली की ही उभ्यानं, इस्त्रीच्या टेबलावर, खडूनं नाही तर पेन्सिलीनं भराभर लिहायची आणि कागद वरच्या खुंटीला अडकवायची. पोरांचा हात तिथे पोचत नाही. माझा पोचतो, हे मात्र दोघींच्याही लक्षात आलं नाही.

शेवटच्या शनिवारी प्रत्येकानं आपली गोष्ट सगळ्यांसमोर वाचायची होती. वाचणार नाही त्याला पुढच्या वर्षभराच्या वर्गात जागा नाही, असा वर्ग घेणाऱ्या बाईंचा नियम. हा वर्ग मिळावा म्हणून वहिनीनं देव पाण्यात घातले होते.

नेमकी आदल्या दिवशी, शुक्रवारी, शाळेच्या गाण्यासाठी अकरा फ्रॉकांची घाईची ऑर्डर आली. मी खुंटीवरचे दोन मोठे कागद ओढले. कोरी बाजू वर घ्यायची, ही तीस वर्षांची सवय. आखलं, कापलं. पुढचा भाग, पाठ, बाह्या, गळा. मग वहिनी आली, तिनं खुंटीकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "ताई, वर दोन कागद होते."

मी बाही उलटी केली. काठोकाठ बारीक अक्षर. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, मीही चार शब्द सुनावले असते. ती स्टुलावर बसली आणि भोपळ्याचं नाक पुसत राहिली.

"पुन्हा लिही की," मी म्हटलं.

"कधी?" ती म्हणाली.

संध्याकाळी तिला पोरांना घेऊन घरी पाठवलं आणि मी तुकडे जुळवायला बसले. बाहीला पाठ, पाठीला पुढचा भाग, टाचण्या लावत गेले आणि वाचत गेले. गोष्ट एका शिवणाऱ्या बाईची होती. ती सगळ्यांवर खेकसते आणि सगळ्यांची पोरं सांभाळते. दुसऱ्या ओळीलाच मला कळलं ही बाई कोण. रागानं कान तापले. मग हसू आलं, कारण खेकसणं अगदी हुबेहूब होतं. गळ्याचा तळहाताएवढा तुकडा तेवढा नव्हता. तो चिंध्यांच्या टोपलीत सापडला. वाचला आणि घडी करून पर्समध्ये टाकला. जे मी बारा वर्षांत फक्त तिला, तेही एकदाच, चिमणीच्या जन्माच्या दिवशी रडत सांगितलं होतं, ते त्यावर होतं.

सकाळी तिला म्हटलं, "गळा नाही मिळाला."

तिनं टाचलेला कागद घडी करून पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "असू दे ताई. लिहिण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं. धीर झाला नाही." त्या तुकड्याशिवाय गोष्ट उभी राहत नाही, हे मला, दहावी नापासलाही, कळत होतं. मला स्वतःची लाज वाटली.

त्या दिवशी दुकान बंद ठेवून मी पोरांना घेऊन तिच्याबरोबर गेले आणि मागच्या बाकावर बसले. वहिनी टाचण्यांनी जोडलेला तो कागद उलगडून उभी राहिली तेव्हा काही जण हसले. मग ती वाचायला लागली आणि हसणं थांबलं. गळ्यापाशी आली. भोकातून तिची बोटं दिसत होती. ती थांबली आणि म्हणाली, "इथला भाग हरवला आहे."

मी भोपळ्याला काखोटीला मारलं, सगळ्या बाकांमधून पुढे गेले आणि पर्समधला तुकडा तिच्या हातात ठेवला.

"वाच," मी म्हटलं. "आणि मोठ्यानं वाच, मागे ऐकू येत नाही."

तिनं तुकडा भोकावर धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मग तिनं वाचलं, "तिनं शिवलेला सगळ्यात लहान फ्रॉक अजून कुणी घातलेला नाही. त्याला पिवळी बटणं आहेत. ज्याच्यासाठी शिवला ते बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. ती तो दर वर्षी एकदा बाहेर काढते, इस्त्री करते आणि पुन्हा ठेवून देते."

मागच्या बाकावरून चिमणीचा खणखणीत आवाज आला, "आत्या, तो फ्रॉक कुठे आहे?"

बारा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

"मशीनच्या खणात," मी म्हटलं. "आज दाखवते तुला."