सारथी नावाचं बारसं

बारशाच्या तीन आठवडे आधी भावाचा मेसेज आला. "ताई, नाव फायनल. सारथी." खाली कुठल्याशा वेबसाइटचा फोटो जोडलेला. अर्थ: मार्गदर्शक, वाट दाखवणारा. मूळ: संस्कृत. लोकप्रियता: वाढती. शेजारी चार पिवळे तारे, जसे हॉटेलला देतात तसे.

मी बाळाची आत्या. आमच्यात नाव ठेवायचा मान आत्याचा. आजकाल नाव आईबापच ठरवतात हे मलाही कळतं, पण निदान विचारायची रीत असते. मला कुणी विचारलं नाही. मी फक्त पाळण्यापाशी वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करायचं आणि बायकांचे धपाटे पाठीवर घ्यायचे. बाकी सगळं भावाच्या चौबे कॉलनीतल्या फ्लॅटमध्ये आणि त्याच्या पुण्याच्या सासरच्यांशी फोनवर ठरलेलं होतं.

पण माझी तळपायाची आग मस्तकात गेली ती मानापानावरून नाही. ती त्या 'मार्गदर्शक' शब्दानं गेली. सारथी म्हणजे रथ हाकणारा. आजच्या भाषेत ड्रायव्हर. आणि आमचे बाबा जन्मभर ड्रायव्हर होते.

अमरावतीकडून पोटासाठी रायपूरला आलेला माणूस. सरकारी जीप चालवली, मग अँबेसेडर. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि एका रात्रीत शहरात गाड्या कमी आणि साहेब जास्त झाले. बाबा पहाटे पाचला निघायचे. मागच्या सीटवर कोण काय बोललं ते त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. कुणाची बदली होणार हे साहेबाच्या बायकोच्या आधी त्यांना माहीत असायचं. त्या पगारावर भाऊ इंजिनियर झाला आणि राजधानीतल्या चकचकीत ऑफिसात चिकटला.

आणि त्याच भावानं लग्न जुळवताना पुण्याच्या सासऱ्यांना सांगितलं की बाबा शासनाच्या वाहन विभागात अधिकारी होते. साखरपुड्याच्या सकाळी तो बाबांना म्हणाला, "बाबा, आज गाड्यांचं काही बोलू नका, प्लीज." बाबा म्हणाले, "नाई बोलत." कार्यक्रम आटोपल्यावर व्याह्यांची मोठी गाडी हॉलच्या गेटात अडकली. पुढे भिंत, मागे नाली. जावई, मेहुणे, सगळे हातवारे करून राहिले होते. बाबा खुर्चीत बसून बघत होते. त्यांचे दोन्ही हात मांडीवर फिरत होते, जणू स्टिअरिंगच हातात आहे. दोन मिनिटांत काढली असती त्यांनी. उठले नाहीत. मी त्या दिवसापासून भावाशी कामापुरतं बोलायला लागले.

तर असा हा भाऊ मुलाचं नाव सारथी ठेवत होता. ज्या कामाची लाज, त्याच कामाचं नाव, कारण वेबसाइटनं त्याला चार तारे दिले.

मी बाबांना मुद्दाम सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला त्यांना चिडलेलं बघायचं होतं. बाबा माझ्याकडेच राहतात, पुरानी बस्तीतल्या आमच्या घरी. दुपारचा चहा पीत होते. मी म्हटलं, "नातवाचं नाव सारथी ठेवून राहिले तुमच्या."

त्यांनी कप खाली ठेवला. "सारथी म्हंजे गाडी हाकनारा न?"

"हो."

मला वाटलं, आता निघतो एखादा शब्द. तर त्यांचे डोळे भरलेले. "मले वाटे त्याले माही लाज वाटते," ते म्हणाले. "पोट्ट्याले समजलं म्हंजे. तोंडानं नाई बोलला, पन नाव ठेवलं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. बाबा, तुमचा त्यात काही संबंध नाही, त्याला अर्थसुद्धा धड माहीत नाही. जीभ रेटली नाही. मी म्हटलं, "चहा गार होतो आहे."

मग ते सुटलेच. गल्लीत, देवळाच्या ओट्यावर, किराणा दुकानात. "माह्या नातवाचं नाव माह्या कामावरून ठेवून राहिले." शेजारचा छत्तीसगढी म्हातारा म्हणायचा, "हव बबा, बने नाव हे," म्हणजे छान नाव आहे. पंडरीच्या कापडबाजारात जाऊन पांढऱ्या टेरिकॉटचं कापड आणलं, ड्यूटीवर असायचं अगदी तसलं, आणि बारशासाठी शर्ट शिवायला टाकला. शिंपी म्हणाला, खिसा एकच ठेवू का. बाबा म्हणाले, "दोन. एकात लायसन राहे."

मी इकडे त्या नावाच्या मागे लागले. रागानं माणूस जेवढं वाचतो तेवढं आवडीनं वाचत नाही. आपल्याकडे कामावरून नाव पडणं काही नवं नाही. आपली निम्मी आडनावं कामाचीच आहेत. पण ज्या कामात दौत-लेखणी किंवा गावावरची हुकमत होती, ते आडनाव लोक छातीवर मिरवतात, आणि ज्यात घाम होता ते हळूच बदलून घेतात. सारथ्याचंही तेच झालेलं. देवानं एका लढाईत कुणाचा तरी रथ हाकला, तर त्याची पूजा झाली. आणि ज्याचा तो रोजचाच धंदा होता, त्याच्या घरी वाढलेल्या पोराला भर सभेत बापाच्या धंद्यावरून हिणवलं. काम एकच. एकानं हौसेनं केलं, एकानं पोटासाठी. वेबसाइटवर यातलं काही नव्हतं. तिथं 'मार्गदर्शक' होतं, आणि खाली प्रतिक्रिया: 'युनिक आहे', 'आमच्या पिल्लूचं हेच ठेवतोय'. कुंभार, न्हावी, धोबी अशी नावं त्या यादीत मला कुठे सापडली नाहीत.

बारशाला चार दिवस होते. दुपारी मी बाळाला बघायला चौबे कॉलनीत गेले. बारसं सव्वा महिन्यानं ठेवलं होतं, पुण्याच्या पाहुण्यांच्या सोयीनं. मालिशवाली बाई बाळाला पायांवर पालथं घालून तेल चोळत होती. जन्मल्यापासून तीच यायची. हात असा की बाळ रडायचं विसरायचं. व्याहीणबाई सोफ्यावरून देखरेख करत होत्या.

"का नाव धरहू दाई?" मालिशवालीनं विचारलं.

व्याहीणबाईंना छत्तीसगढी कळत नाही, पण 'नाव' कळलं. त्या ऐटीत म्हणाल्या, "सारथी."

बाईचे हात थांबले. मग ती अशी खुलली की मी तिला तसं आधी कधी बघितलं नव्हतं. "ए तो हमर सरनेम आय! हमर बबा मन राजा के घोड़ा राखत रहिन." तिनं बाळाला उचलून स्वतःच्या तोंडासमोर धरलं. "ले, तैं तो हमर लइका हो गेस!"

"काय म्हणतेय ही?" व्याहीणबाईंनी लेकीला विचारलं. भावजयीला अर्धवट कळलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी अगदी चवीनं, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "हे तिचं आडनाव आहे. इकडे या आडनावाचा समाज आहे. राजाचे घोडे सांभाळायचं, घोड्यांसाठी गवत आणायचं काम होतं त्यांच्याकडे. कागदोपत्री एससी. म्हणते, बाळ आमचंच झालं."

व्याहीणबाई उठल्या आणि बाळ तिच्या हातातून घेतलं. तेलकट बाळ, महागातली साडी, तरी घेतलं. "आमचं तसं काही नाही हं," त्या मला म्हणाल्या. "आम्ही काही मानत नाही. पण शाळेत, इकडे, लोकांचा उगाच गैरसमज नको ना." मालिशवाली तेलाची वाटी घेऊन तशीच पाटावर बसलेली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला. मला ते बघवलं नाही, पण व्याहीणबाईंचा चेहरा बघायला मजा आली हेही खरं. दुसऱ्या दिवसापासून मालिशला दुसरी बाई येऊ लागली.

संध्याकाळी भावाचा फोन. "ताई, नाव बदललं यार." नवीन नाव सांगितलं. कुठल्याशा ताऱ्याचं होतं. "बाबांना तू सांगून दे ना."

"का? तू सांग. तोंड दिलं आहे ना देवानं?"

"त्यांना काय फरक पडतो? हे नाय तर ते."

मग मी त्याला सांगितलं. बाबांना काय वाटतं, गल्लीभर काय सांगत फिरतात, शर्ट, दोन खिसे, सगळं. मग तो म्हणाला, "मला कुठे माहीत होतं ताई." आणि थोड्या वेळानं, "मग सांगूच नको. तिथं आले की कळेल. चार लोकांत ते काही बोलणार नाहीत."

चार लोकांत बाबा काही बोलणार नाहीत, हे त्याला बरोबर माहीत होतं. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

फोन ठेवला आणि मी ठरवून टाकलं. मान आत्याचा. माइकवर, बॅनरवर काय करायचं ते करा. कानात मी सारथीच म्हणणार. कानातलं नाव हेच बाळाचं पहिलं नाव, आणि ते म्हणणारी मी. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "कशाला भांडण?" मी म्हटलं, "भांडण नाही, हक्क आहे." चार दिवस मी ते मनात घोळवत होते. बाबांना मात्र काही सांगितलं नाही.

बारसं हॉलमध्ये. पाळण्यामागे थर्माकोलची मोठी अक्षरं, इंग्रजीत. बाबांना इंग्रजी येत नाही. ते पहिल्या रांगेत त्या अक्षरांकडे तोंड करून, नवा पांढरा शर्ट घालून बसले आणि शेजारच्याला म्हणाले, "किती मोठं लिहिलं हो नाव." मी भावाकडे बघितलं. तो फोटोग्राफरला काही समजावत होता.

बायकांनी पाळणा म्हटला. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, बाळ पाळण्याखालून वरून फिरलं. मग व्याहीणबाई म्हणाल्या, "चला आत्याबाई." पाठीमागे धपाटे घालायला चार-पाच बायका हात सरसावून उभ्या. मी पाळण्यात वाकले. बाळ जागं होतं. कान एवढासा, त्याला काजळाचं बोट लागलेलं.

"कुर्रर्र," मी म्हटलं. शब्द ओठावर होता. आणि त्याच क्षणी मला शाळा दिसली. हजेरी घेणारे सर, मागच्या बाकावरची पोरं, कुणीतरी विचारतंय, ए, तू वही है क्या, वो घोड़ेवाला? मला ती मालिशवाली पाटावर बसलेली दिसली. बाबा दिसले नाहीत. आणि मी, जी चार दिवस सगळ्या जगाला शिव्या घालत होते, मी घाईघाईनं ते ताऱ्याचं नाव म्हटलं. तीनदा म्हटलं. मला कुणी बजावलं नव्हतं, कुणाचा धाक नव्हता. धपाटे पडले, बायका हसल्या, आणि भावानं माइक घेऊन तेच नाव हॉलभर सांगितलं.

टाळ्या वाजल्या. बाबांनी टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. मग त्यांनीही टाळ्या वाजवल्या. जेवताना व्याही त्यांच्याजवळ येऊन म्हणाले, "कसं वाटलं नाव?" बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "चांगलं आहे साहेब."

परत येताना रिक्षात ते रिक्षावाल्याच्या हातांकडे बघत होते. मग म्हणाले, "काहून बदललं?"

"त्या व्याहीणबाईमुळे," मी म्हटलं. भावाचं नाव घेतलं नाही. मालिशवालीचं तर नाहीच.

"तू त कानात म्हटलं असन न? तुले त मान होता."

ते माझ्याकडे बघत होते. त्यांच्या सगळ्या जन्मात त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी म्हटलं, "हो बाबा. सारथीच म्हटलं. तीनदा."

त्यांनी मान हलवली आणि शर्टाची वरची गुंडी सोडली. "मंग झालं. कानातलं थेच खरं."

याला आता काही वर्षं झाली. भाऊ मुलाला घेऊन सणावारी येतो. बाबा त्याला सारथी म्हणूनच हाक मारतात, पोरगा हिंदीत विचारतो, "दादाजी मुझे क्या बोल रहे हैं?" त्याला आजोबाही नीट म्हणता येत नाही. भाऊ विषय बदलतो. आणि ते गेल्यावर कुणी शेजारी ओट्यावर बसला की बाबा त्याला हमखास सांगतात, मी समोर असले तरी, मी समोर असले तर जास्तच: "पोट्टा लाजला. पन माही पोट्टी नाई लाजली."