नाव घातलेली गिटार

आमच्या ह्यांना लग्नाच्या मांडवात सगळे प्रेमराज गिटारवाला म्हणतात. दिवसा जळगावात मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रा. बावीस वर्षं एकच गिटार, दोनदा तडकलेली, दोनदा चिकटवलेली. माणूस कसा म्हणाल तर वाईट नाही. गिऱ्हाइकाच्या पंख्याचा जुना स्क्रूसुद्धा पुडीत बांधून परत देतात. जेवायला बसले की ताटात पडेल ते मुकाट्यानं खातात. म्हणून तर त्या दिवसाची मला एवढी शिसारी येते. मुळातल्या लबाड माणसानं ते केलं असतं, तर मी दोन शिव्या घालून मोकळी झाले असते.

ह्यांनी कपाटाच्या दाराला आतून एका गिटारीचं चित्र चिकटवलं होतं. साडी काढायला गेलं की आधी ती दिसायची. परदेशातल्या कुणा मोठ्या वादकाच्या नावाची गिटार. कंपनीनं मोजक्याच काढल्या. वर खुंट्यांपाशी त्या वादकाची सही, मागे प्रत्येकीचा वेगळा नंबर. ती सही आणि तो नंबर हीच तिची सगळी किंमत, हे मला लग्न झाल्यापासून ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

मागच्या हिवाळ्यात ऑर्केस्ट्रातल्या हिलालनं ह्यांच्या मोबाइलवर फोटो पाठवला. तीच गिटार, साक्रीत, एका लोखंडी कॉटखाली. हिलालच्या गल्लीतल्या पुष्पाबाईंचा मुलगा कुंदन बोटीवर नोकरीला होता, त्यानं तिकडून आणलेली. दोन वर्षांपूर्वी कुंदन काविळीनं गेला. झाडू मारताना रोज गिटारीला हात लागतो आणि मग दिवस जात नाही, म्हणून बाई ती विकून टाकणार होत्या.

हे दोन रात्री झोपले नाहीत. पन्नास हजार जमवले, त्यातले वीस माझ्या शिवणकामाचे. मी आनंदानं दिले हो. बावीस वर्षं ज्या माणसानं स्वतःसाठी काही मागितलं नाही, त्याचं एकदा होऊ दे म्हटलं. धुळ्याला गाडी बदलून आम्ही साक्रीला पोचलो.

पुष्पाबाईंनी गिटार धुतलेल्या चादरीत गुंडाळून ठेवली होती. ह्यांनी ती मांडीवर घेतली, मागचा नंबर बघितला, सहीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता हा माणूस रडतो की काय. तर ह्यांनी ती खाली ठेवली आणि जिभेनं च्यक केलं.

"जुनी आहे अक्का. तारा गंजल्यात. आणि हे बघा, इथं भलत्याच कुणाचं नाव आहे. दुसऱ्याचं नाव घातलेलं भांडं आपण विकत घेतो का? लोक म्हणतील, कुठून उचलून आणलं. मी आपली सुट्या भागांसाठी नेतो. आठ हजार देईन."

आमच्याकडे लग्नकार्यात भांड्यांची अदलाबदल होते, आणि कुणाच्या नावाचं पातेलं चुकून घरी राहिलं की ते परत पोचेपर्यंत बाईच्या घशाखाली घास उतरत नाही. हे ह्यांना पक्कं ठाऊक. नेमकं तिथंच बोट ठेवलं. पुष्पाबाईंचा चेहरा एवढासा झाला. माझा कुंदन तसा नव्हता, म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, नाव असलं म्हणजे घेत नाहीत का?"

माझ्या हातात त्यांनीच दिलेला चहा होता. मी म्हटलं, "नसतील घेत." त्या दोन शब्दांची मला आजही किळस येते.

त्या दिवशी अमावस्या होती. अमावस्येला घरातली वस्तू बाहेर देत नाही, रविवारी या, असं बाई म्हणाल्या. परतीच्या गाडीत हे गुणगुणत होते. पन्नासचं काम आठात झालं, म्हणाले. मी म्हटलं, रविवारी त्यांना पुरते पैसे द्या. तर म्हणे, "कोकिळा, तुला व्यवहारातलं कळत नाही." धुळ्यापर्यंत मी ह्यांच्याकडे पाठ करून बसले.

रविवारी पुष्पाबाई दारातच उभ्या होत्या. आत जेवणाची पानं मांडलेली. "जेवाले बसा, पन आधी हाई देखा," म्हणाल्या आणि चादर उलगडली.

खुंट्यांपाशी सही नव्हती. तिथं पॉलिश मारलेलं नुसतं लाकूड होतं. मागचा नंबरही गेलेला. आणि सहीच्या जागी, स्टीलच्या डब्यावर असतं तसं, टिंबाटिंबांचं नाव कोरलं होतं: श्री. प्रेमराज, जळगाव, यांस कुंदनकडून सप्रेम भेट.

"भांड्यावाल्याकडे नेली," बाई सांगत होत्या. "तो मशीन लावायला तयार नव्हता, त्याच्या दुकानात दुपारभर बसून राहिले. मागं काही आकडे होते, तेही घासून घेतले. बठ्ठं, सगळं साफ शे आते. कोनी तुमले चोर म्हनणार नही, भाऊ."

ह्यांनी खिशातून आठ हजार काढले, तर बाईंनी हात मागे घेतला. तुम्हीच म्हणालात ना सुट्या भागांची आहे, म्हणाल्या. आणि भेट म्हणून नाव घातल्यावर पैसे कसे घ्यायचे?

आता बोला. खरं सांगावं, तर मुलाच्या लाखमोलाच्या वस्तूचं आपल्याच हातानं मातेरं केलं, हे त्या माउलीला कळणार. न सांगावं, तर आम्ही फुकटात घेऊन चाललो. माझ्या पिशवीत बाकीचे बेचाळीस हजार होते. ते काढावेत, तर कशाचे म्हणून द्यावेत? हे एकदाच "घ्या हो अक्का" म्हणाले आणि नोटा परत खिशात घातल्या. मग आम्ही शेवभाजी-पोळ्या जेवलो. मला एकेक घास पाण्यानं उतरवावा लागला. निघताना बाईंनी माझी ओटी भरली.

घरी आल्यावर ह्यांनी कपाटातलं चित्र फाडलं. गिटार वाजवून बघितली. आवाजात काही फरक नाही म्हणाले, आणि ठेवून दिली. मांडवात अजून ती चिकटवलेलीच नेतात. पुष्पाबाई महिन्याला फोन करतात, "वाजवता ना भाऊ?" आणि हे म्हणतात, "हो अक्का, रोज." मी स्वयंपाकघरात भांडी आपटते.

गेल्या आठवड्यात जामनेरच्या लग्नाची सुपारी होती. निघायच्या दिवशी बघते, तर हे नवी गिटार काढून बसलेले आणि त्या कोरलेल्या नावावर काळी चिकटपट्टी लावत होते. जुनीची मान परत सुटली होती. मी नखानं पट्टी उचकटून काढली.

"लोक वाचतील ना," हे म्हणाले.

"वाचू द्या," म्हटलं. "आणि कुंदन कोण असं कुणी विचारलं, तर सगळं सांगा. तेवढं जमत नसेल तर हिला हात लावू नका."

ह्यांनी गिटार चादरीत गुंडाळली. चादर पुष्पाबाईंचीच होती. त्या रात्री जामनेरला ऑर्केस्ट्रा गिटारीशिवाय वाजला.