कडुनिंबाच्या ढोलीबाबत माझे दोन अर्ज

अर्जदार : मी, वय वर्षे बावन्न, धंदा अर्जनवीस, शिक्षण नववीपर्यंत, अनुभव त्याहून पुष्कळ जास्त.
गैरअर्जदार : तोही मीच. खुलासा पुढे येईल.
ठिकाण : अमरावती जिल्ह्यातील एका कचेरीचे आवार व त्यातील कडुनिंबाचे झाड.
काळ : यंदाची संक्रांत ते होळीनंतरचा पंधरवडा.
साक्षीदार : झाडासमोर चहाची गाडी लावणाऱ्या काकू, कचेरीतील आवक-जावक बाबू, आणि अकोल्याच्या एक बाई, ज्या पशुपक्ष्यांवर माहितीपट तयार करतात. नावे जाणूनबुजून दिलेली नाहीत.

सदर झाडाखाली माझे टेबल बावीस वर्षांपासून आहे. वलगावपासून परतवाड्यापर्यंतच्या पक्षकारांनी माझ्या हातचे अर्ज नेले आहेत आणि भाषेबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही. तक्रार झाली ती पिंगळ्यांची. झाडाच्या ढोलीत पिंगळ्यांचे एक जोडपे राहत होते. हे मैनेएवढे, डोळे वटारून पाहणारे छोटे घुबड. लोक त्याचा आवाज अशुभ मानतात. संक्रांतीच्या सुमारास एका पक्षकाराच्या तयार प्रतिज्ञापत्रावर वरून विष्ठा पडली. तो गृहस्थ उठला आणि फाटकाजवळच्या दुसऱ्या अर्जनविसाकडे जाऊन बसला. त्याच दुपारी मी झाड तोडण्याचा अर्ज लिहिला आणि आवारातील अकरा जणांच्या सह्या घेतल्या.

त्या अर्जात मी लिहिले की, सदर झाड पूर्णपणे वाळलेले असून केव्हाही कोसळून जीवितहानी होण्याची दाट शक्यता आहे. झाड हिरवे होते. परंतु अर्जाला वजन द्यावे लागते. नुसते 'पक्षी घाण करतात' एवढ्यावर कोणती कचेरी हलेल?

महाशिवरात्रीच्या आगेमागे त्या बाई आल्या. माणसांच्या गर्दीत राहणाऱ्या पक्ष्यांवर त्यांना माहितीपट करायचा होता आणि आमच्या पिंगळ्यांविषयी त्यांना कोणीतरी सांगितले होते. समोरच्या जुन्या दप्तराच्या खोलीतून ढोली बरोबर नजरेच्या उंचीवर दिसते. तिथे कॅमेरा ठेवायला परवानगी हवी होती. परवानगीला अर्ज हवा, आणि अर्जाला मी. त्यांच्या अर्जात मी लिहिले की, सदर झाड हिरवेगार व सुदृढ असून त्यावर दुर्मीळ पक्षिजीवन नांदत आहे. दुर्मीळ हा शब्द त्यांनी खोडायला लावला.

पहिला अर्ज मी विसरलो होतो असे नाही. आमच्या धंद्यात सकाळी भाडेकरूचा अर्ज लिहावा लागतो आणि दुपारी घरमालकाचा. प्रत्येक अर्ज आपापल्या जागी खरा असतो. शिवाय त्या कचेरीतून दोन-तीन वर्षांच्या आत काही मंजूर झाल्याचे माझ्या पाहण्यात नव्हते.

बाईंच्या कामाची रीत पाहून मात्र मी चक्रावलो. त्या दिवसदिवस खिडकीशी बसून राहत. झाडाखालची करंगळीएवढी करडी बोंडे त्या चिमट्याने उचलून कागदावर फोडत. पिंगळ्याला जे पचत नाही ते तो असे गोळा करून तोंडावाटे टाकतो, हे मला बावन्नाव्या वर्षी कळले. एका बोंडात भुंगेऱ्यांची चमकणारी कवचे निघाली, दुसऱ्यात उंदराचा जबडा, दातांसकट. तो मी भिंगातून पाहिला. बावीस वर्षे हा सगळा पुरावा माझ्या टेबलाभोवती पडत होता आणि मी तो झाडून टाकत होतो.

मग मीही एक वही घातली. 'पावणेसहा वाजता एक पक्षी बाहेर. सहाला परत. चोचीत नाकतोडा.' काकूंनी मला मान वर करून बसलेले पाहिले आणि म्हणाल्या, "भाऊ, गिऱ्हाईक इकडं बसून राह्यलं, अन् तुमी पाखराची जबानी घेऊन राह्यले." मी त्यांची सही साक्षीदार म्हणून मागितली. त्यांनी दिलीही.

एकदा नर पिंगळा चोचीत पाल घेऊन आला तो क्षण कॅमेऱ्यात आला नाही. मी सुचवले की, एखादी पाल पकडून फांदीवर ठेवावी. बाईंनी मान हलवली. जे आपोआप झाले नाही ते त्या घेत नाहीत. माझी मुलाखत घेतली तेव्हाही तेच. मी 'निसर्गदेवतेच्या कुशीत' अशी सुरुवात केली, तर त्यांनी कॅमेरा थांबवला.

"काका, तुम्ही स्वतः काय पाहिलंत, तेवढंच सांगा."

तेवढेच सांगायला मला तीनदा प्रयत्न करावा लागला. दर वेळी एखादे विशेषण मधे येई.

होळीच्या दिवशी त्यांनी मला खिडकीशी बोलावून छोट्या पडद्यावर दाखवले : ढोलीच्या तोंडाशी तीन पिल्ले, राखट लवीची, एकमेकांना रेटत होती. एक पिल्लू मान वर-खाली करून थेट माझ्या टेबलाकडे पाहत होते. त्याला तिथून काय दिसत असेल, हे मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, माहीत नाही, म्हणूनच तर इथे बसले आहे.

धुळवडीनंतर कचेरी उघडली आणि बाबूंनी मला आत बोलावले. टेबलावर दोन अर्ज शेजारी शेजारी ठेवले होते. वाळलेल्या झाडाचा मंजूर झाला होता, सोमवारी तोडणारे येणार होते. हिरव्या झाडाचाही मंजूर झाला होता.

"भाऊ, अक्षर दोनी ठिकाणी तुमचंच हाय ना? मंग झाड मेलं हाय का जित्तं, एक काय ते सांगा."

त्यांनी समजावलेही. पहिला अर्ज खोटा होता असे लिहून दिले, तर तोड थांबू शकते. पण माझा परवाना जाऊ शकतो. काहीच लिहिले नाही तर मला काही होणार नाही.

मी बाहेर येऊन बाईंना सर्व सांगितले. पिल्ले उडायला अजून आठ-दहा दिवस लागतील, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, हेच कॅमेऱ्यासमोर सांगाल का? मी सांगितले. या वेळी एकदाच सांगावे लागले.

नंतर मी तिसरा अर्ज लिहिला. त्यातील मजकूर असा :

'मी संक्रांतीच्या सुमारास लिहिलेला अर्ज खोटा आहे. झाड वाळलेले नव्हते व नाही. अकरा सह्या करणाऱ्यांनी तो वाचला नव्हता, त्यांचा दोष नाही. ढोलीत तीन पिल्ले आहेत, ती मी स्वतः पाहिली. माझ्या परवान्याबाबत जो निर्णय व्हायचा तो अवश्य व्हावा, परंतु तोड आधी थांबवावी.'

हा अर्ज गुरुवारी आवक झाला. हे लिहीत आहे तो शुक्रवार, दुपार. उत्तर नाही. तरी माननीय अधिकाऱ्यांना विनंती की, त्यांनी सोमवारपूर्वी संध्याकाळी पावणेसहाला दप्तराच्या खोलीच्या खिडकीशी स्वतः येऊन ढोली पाहावी, आणि जे दिसेल तेवढेच नमूद करून मला लेखी उत्तर द्यावे. खिडकीशी खुर्ची ठेवली आहे.