कडक का ढिलं?

आधी कडक बाईंचं नाव घेते, मग काय झालं ते सांगते. आमच्या तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यांनीच उभं केलं.

हे नाव आम्हीच ठेवलेलं. जालन्यात, मस्तगडात त्यांचा फिजिओथेरपीचा दवाखाना. पेशंट आला की नमस्काराआधी त्याचा हात उचलायच्या आणि घरच्यांना विचारायच्या, "कडक का ढिलं?" पहिल्या दिवशी आईला वाटलं, चहाचं विचारतायत. ती म्हणाली, "कसा बी चालंल, बाई."

तात्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. सुरुवातीला हात ओल्या टॉवेलासारखा लोंबायचा. मग एका सकाळी त्यांच्या मुठीत माझं बोट अडकलं, सुटेना. वडीगोद्रीत आमच्या गल्लीत आनंदीआनंद. चुलते म्हणाले, "जोर आला की गड्याला!" मी तात्यांना घेऊन पेढ्यांसकटच जालन्याला गेले.

बाईंनी पेढा घेतला नाही. तात्यांचं कोपर झटक्यात ओढलं, ते अडकलं. मग सावकाश ओढलं, ते उलगडलं. "बेटा, हा जोर न्हाई, ताठा आहे. मेंदूचा लगाम सुटला की स्नायू मनमानी करतो. स्पास्टिसिटी."

तात्या म्हणाले, "बाई, जिंदगीभर मी ताठा केला न्हाई, अन् आता हातानं केला!"

मी नववीतून शाळा सोडलेली. माझं डोकंच चालेना. ढिला हात वाईट, कडक हातही वाईट, मग चांगला कोणता?

"सांगितलं की धरतो आणि सांगितलं की सोडतो, तो," बाई म्हणाल्या.

पुढं पाऊल टेकताना पाय थडथडायला लागला. आई म्हणे थंडी, चुलते म्हणे बाहेरचं काहीतरी. बाई म्हणाल्या, "क्लोनस. टाच बराबर दाबून टेकवा." मी 'कोलनस' म्हणून पाठ केलं. त्या हसल्या नाहीत. "नाव चुकलं तर चालतं. हाताला झटका तेवढा देऊ नको."

पेशंटच्या घरचा चहा त्या कधीच घेत नसत. आई थर्मास पुढं करायची, तर म्हणायच्या, "तात्यांच्या ह्या हातानं कप येऊ द्या, मंग पिते."

लग्न होऊन सुरतेला निघाले, तेव्हा भेटायला गेले. माझाच हात थरथरत होता. विचारलं, "बाई, ह्याला काय म्हणतात?"

त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. "ह्याला माहेर म्हणतात."

आता आई फोनवर सांगते, "आज बोटं लई कडक हायेत." इथून मला काय कळणार? थंडी आहे, झोप झाली नाही, की निघताना आईला व्यायाम शिकवताना मीच काही विसरले? परवा व्हिडिओवर तात्यांनी रिकामा कप धरून दाखवला. मी टाळ्या वाजवल्या. मग आई म्हणाली, "धरलाय खरा, पण सोडंना गं." हसावं की रडावं, मला कळेना.

पण बाई, एक दिवस मी येणार. तुमच्याच दवाखान्यात चहा करीन, कडक. तात्या उजव्या हातानं कप पुढं करतील. तुम्ही तो धरा. ते सोडतील.