घोड्याच्या चित्रातली चीर

पुस्तक हातात आलं की काका ते आधी पाठीमागून उघडायचे. दुबईतल्या रास अल खोरच्या जुन्या सामानाच्या गोदामाचा मालक, रत्नागिरीचा भाई, त्यांना दर शुक्रवारी चिडवायचा, "काका, हे अरबी नाही, इंग्लिश आहे. पुढून उघडा."

"यल्ला, तू तुझे फ्रिज विक," काका मान वर न करता म्हणायचे.

नव्वदच्या दशकात काका आणि मी दुबईच्या करामा भागात एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. काका पुण्याचे, एसी कंपनीत इंजिनिअर. दुबई सोडून जाणाऱ्या लोकांचं सामान भाईकडे यायचं आणि काका त्यातली पुस्तकं उपसायचे. वेड एकच, एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या स्वस्त साहसकथा, त्याही पहिल्या छपाईच्या. तुम्हीआम्ही गोष्ट वाचतो, हे मागच्या जाहिराती वाचायचे. का, असं मी एकदा विचारलं आणि माझा चहा गार झाला.

"अहो, छपाई कितवी ते हे पब्लिशर थोडंच सांगतात? पण मागे त्यांच्या मालेची लिस्ट असते. समजा, हे पुस्तक तिसावं. लिस्ट तिसाशी थांबली तर फर्स्ट असायचा चान्स. चाळिसापर्यंत गेली तर खलास, नंतरची छपाई."

त्यांच्या सगळ्यात लाडक्या पुस्तकात पहिल्याच पानावर उधळलेल्या घोड्याचं चित्र होतं. फार आधी एका सुट्टीत काकूंनी ते गुपचूप पुण्याला नेऊन वाढदिवसाची भेट म्हणून बांधून आणलं. कातडी बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरांत काकांचं नाव. पुस्तकावर जीव असला की आपल्याकडे ते बांधूनच घेतात. बाइंडरने फाटकं कव्हर आणि जाहिरातींची पानं कचरा समजून टाकून दिली. तेव्हा काकांनाही ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. पुढे कळलं, तेव्हा तपासायला काही उरलं नव्हतं.

काकूंना ते एका शब्दाने बोलले नाहीत. मला मात्र जिन्यात म्हणाले, "ते फर्स्ट नसलं तर बरं हो. असलं, तर ते हिच्या हातून गेलं हे मला जन्मभर डाचत राहील." स्वतःचं पुस्तक दुय्यम निघावं म्हणून देव पाण्यात ठेवून बसलेला दुसरा संग्राहक मी पाहिलेला नाही.

काका रिटायर झाले, व्हिसा कॅन्सल व्हायचा होता, तिकिटं आली होती. शेवटच्या शुक्रवारी भाईने एक खोका पुढे सरकवला. काकांनी वरचं पुस्तक मागून उघडलं आणि माझा दंड असा धरला की वळ उठला. त्याच घोड्याच्या पुस्तकाची दुसरी प्रत होती, कव्हरसकट, आणि लिस्ट त्याच्याच नंबरापाशी थांबलेली.

"फर्स्ट," काका म्हणाले. "गाडी काढा. घरी चला."

वाटेत प्रत्येक सिग्नलला ते समजावत होते. "चित्राचा लाकडी ठसा छापून छापून तडकतो. ह्यातली चित्राभोवतीची चौकट अखंड आहे. ताडायला अशी पहिली प्रतच हवी होती. घरच्यात चीर असली, तर ते नंतरचं."

काकू भाजी आणायला गेल्या होत्या. दोन्ही पुस्तकं टेबलावर शेजारी उघडली. भिंग मी धरलं. घोड्याच्या शेपटीपाशी चौकटीत केसाएवढी चीर होती.

"आहे," मी म्हटलं.

काकांनी स्वतः पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि लहान मुलासारखे हसत सुटले. डोळे पुसत म्हणाले, "हिने काही घालवलं नाही हो. काही म्हणजे काही नाही."

मग त्यांनी कव्हरवालं पुस्तक उचलून माझ्या हातात दिलं.

"अहो काका, इतकी वर्षं हेच तर शोधत होतात."

"दोन्ही शेजारी ठेवली की काय फेकलं गेलं ते हिला कळेल. हुशार आहे ती."

एअरपोर्टवर बांधलेलं पुस्तक काकूंच्या हँडबॅगेत होतं. "ते फाटकं तुम्हाला दिलं म्हणे ह्यांनी," त्या मला म्हणाल्या. "बरं झालं. ह्यांना नीट बांधलेलंच आवडतं."

"अगदी," काका म्हणाले आणि ट्रॉली ढकलत आत गेले.