देवांजवळची बाहुली

इथे आखातात, जुफैरच्या फ्लॅटमध्ये आमचे देव स्वयंपाकघरातल्या कपाटात असतात. मुलगी शाळेत असताना रोमन लोकांवर प्रोजेक्ट करत होती. त्यांचेही घरचे देव बरेचदा चुलीजवळ असत, जेवणातला घास त्यांना मिळे आणि लग्नाआधी मुली आपल्या बाहुल्या त्यांना वाहत, असं तिनं मला इंग्रजीत सांगितलं. वर स्वतःची कापडी बाहुली देवांजवळ ठेवून दाखवली.

मी खेकसले, “उचल आधी ती! देव आहेत ते, खेळणी नव्हेत.”

गेल्या महिन्यात पुण्यात तिचं लग्न लावून आम्ही दोघंच परत आलो. सकाळी पूजेला कपाट उघडलं, तर बाळकृष्णाशेजारी तीच कापडी बाहुली, आता एकाच डोळ्याची. उचलायला हात पुढे केला, पण मागे घेतला आणि देवांबरोबर तिच्यापुढेही चिमूटभर साखर ठेवली.